तोंडी परीक्षा

फॉर्म चार पानी आहे, दोन प्रतींत.
मी आरोग्य विभागातून आलोय, पंचगंगेच्या स्मशानात
उभ्यानं विचारतोय सदबा मोरबाळेला:
शिक्षण?
"चौथी. पाचवीत बानं म्हसरामागं धाडलं."

अनुभव, वर्षांत?
तो वर्षं मोजत नाही, पूर मोजतो.
"एकोणनव्वदचा बघितलाय, पाचचा, एकोणीसचा, एकवीसचा.
पाणी हितं चढलं की आम्ही बावड्याला."
मी लिहितो: छत्तीस.

प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचं नाव?
"बा."
संस्था म्हणतोय मी.
"मग बाच की ओ. दुसरं कोण शिकवतंय हे?"
रकान्यात बा बसत नाही.
मी आडवी रेघ मारतो,
रेघेकडं बघत तो तंबाखू मळायचा थांबतो.

एक तारखेपासून नवा नियम:
गळ्यात परवाना नसेल त्यानं
शेणीला हात लावायचा नाही.

प्रश्न पहिला. एका देहास शेणी किती?
"माणूस बघून. म्हातारीला कमी, पैलवानाला जास्त.
वल्ल्या निघाल्या तर मग इचारू नका."
उत्तरपत्रिकेत एकच आकडा आहे.

प्रश्न दुसरा. हातमोजे केव्हा वापरावेत?
"करोनात दिल्ते. बोटास्नी जाळ कळंना,
काढून ठेवले."

प्रश्न तिसरा. नातेवाइकांशी कसे बोलावे?
"बोलू नये.
पाणी द्यावं. पोरगं बारकं असलं
तर त्याला शेणी मोजाय बसवावं."

मी अकरा वर्षांचा होतो.
शिवाजी पेठेतनं बाबांना आणलेलं,
आणि कुणीतरी मला ढिगाजवळ बसवून म्हणालं,
नीट मोज रं, कमी पडल्या तर तुला धरीन.
दोनशे चौदाला मी मान वर केली
तेव्हा जाळ खांद्याएवढा झाला होता.

तो तूच का, हे फॉर्ममध्ये नाही.
आणि त्यानं किती पोरं बसवली असतील.

पन्नासपैकी गुण टाकायचे राहिलेत.
तेवढ्यात फाटकात ट्रॅक्टर लागतो,
कुठल्याशा तालमीनं शेणी दिल्यात, ट्रॉली भरून.
"उतरून घ्याय पायजेत सायेब, आभाळ आलंय,"
आणि तो निघतोसुद्धा,
बिनपरवाना.

पावतीवर आकडा लागतो.
मी फाईल कठड्यावर ठेवतो, वर दगड,
आणि ट्रॉलीजवळ जाऊन उभा राहतो.
पहिल्या पाटीत चाळीस.
दुसरीत एक फुटकी, ती धरावी का
हे त्याला विचारतो.