चतुःसीमा

स्विंडनच्या बाजारात, स्टेशनरीच्या दुकानात,
वाढदिवसाच्या कार्डांच्या खालच्या फळीवर
मृत्युपत्र मिळालं. तयार.
पंधरा पौंड. आत सूचनांचं घडीचं पत्रक
आणि चुकलंच तर म्हणून दुसरी कोरी प्रत.
काउंटरवरच्या पोरीने विचारलं, पिशवी हवी?
म्हटलं, नको, हातातच नेते.

ओट्याशेजारचं टेबल दोनदा पुसलं, उघडून बसले.
"मी ..............................., राहणार"
केवढी लांब टिंबांची रेघ.
माझं नाव तिच्या निम्म्यातच संपलं.

आमचे अप्पा चिपळूणला कचेरीबाहेर
पत्र्याच्या पेटीवर कागद ठेवून लोकांचे दस्त लिहीत.
राजीखुशीने, अक्कलहुशारीने,
कोणाच्याही दडपणास बळी न पडता लिहून देतो की –
सगळ्यांना तेच.
दंडाला धरून दिरांनी आणलेल्या बाईलाही
राजीखुशीने.
मी विचारलं, अप्पा, ती तर रडत होती.
ते म्हणाले, शाई सांडेल, सरक.

इथे तिसऱ्या कलमात छापलंय:
पती / पत्नी / जोडीदार, लागू नसेल ते खोडा.
पत्नी खोडलं. जोडीदार खोडलं.
मग चहा केला.
चहा झाल्यावर कपाटातली पट्टी आणली.
खोडायचंच तर सरळ खोडावं, गिचमिड करू नये.

घर निरंजनला. ऑकलंडमध्ये बसून तो ते विकेल,
विकू दे.
बिल्डिंग सोसायटीतले पैसे दोघी नातींना सारखे.
शिवणयंत्र मिसेस प्रॉबर्टला,
अठरा वर्षं उसनं नेते ती,
दर वेळी तेल घालून परत आणते.
पाटा-वरवंटा कायतानला.
मासळीचं वाटप मिक्सरात होत नाही
यावर आमचं एकमत आहे.

पाचव्या पानावर साक्षीदार. दोन.
माझी सही होताना दोघं एकदमच हजर हवेत.
आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत:
साक्षीदाराला या कागदातून काही मिळणार नाही.

हाक मारल्यावर येतील अशी माणसं मोजली.
पूर्वेस मिसेस प्रॉबर्ट.
पश्चिमेस कायतान बार्रेतो, गोदामातली रात्रपाळी करून आलेला.
दक्षिणेस रस्ता.
उत्तरेस रेल्वेची जुनी भिंत.
अप्पांच्या प्रत्येक दस्तात ही चतुःसीमा असे.
या फॉर्मात तिला जागाच ठेवलेली नाही.

दुसरी कोरी प्रत काढली.
घर लिहिलं, पैसे लिहिले, पट्टीने पुन्हा तेच खोडलं.
यंत्र नाही. पाटा नाही.

शनिवारी दोघं आले.
मिसेस प्रॉबर्टने "व्यवसाय"समोर लिहिलं, डिनर लेडी,
आणि "निवृत्त" लिहायचं राहिलं म्हणून
समासात कोंबलं.
कायतान सही करून म्हणाला, "बाये, तुका कितें जालां?"
काही नाही रे. कागद आहे नुसता.

मी टाचणी शोधायला उठले, अप्पांची सवय.
पत्रक म्हणतं, टाचणी नको, क्लिपही नको.
कागदावर गंजाचा डाग दिसला
की कोर्ट विचारतं,
इथे आणखी काय जोडलेलं होतं?

नुसतंच पाकिटात घातलं.
मग म्हटलं, आता उचला.
कायतान, तो पाटा. दोन हातांनी, पाठ सांभाळ.
आणि हे यंत्र तिच्याकडे पोचव.
आजच. आत्ताच.
मिसेस प्रॉबर्टने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.
ताप नव्हता.
म्हटलं, बुधवारी मला एका पँटची शिलाई उसवायची आहे.
घरी असशील ना?
मी मागायला येईन.