फुलं गळून अकरावा दिवस

परवापर्यंत ही बांधी सकाळी नऊला निळी असायची
आणि दोनला हिरवी.
जवसाच्या फुलाने दुपार पाहिलेली नसते.

सोळा लिटरचा पंप पाठीवर.
औषध झाकणाने मोजलं.
आजवर धुऱ्यावरची हरळी मारली, गाजरगवत मारलं,
पीक मारायला पहिल्यांदाच आलो,
तेही कमरेएवढं, जोमाचं.

धागाकेंद्राच्या बाई सांगून गेल्या होत्या :
झाड उभ्या उभ्या वाळेल,
मग दव आणि बुरशी मिळून सालीतला डिंक खातील,
धागा काडीचा हात सोडेल.
बोडीत भारे कुजवायला नकोत.

हे मला लगेच पटलं. मी ढिवराचा.
ज्या साली बोडीत अंबाडी भिजवली
त्या साली जाळ्यात मासे पोट वर करून आले होते.

भागरता धुऱ्यावर, काखेत रिकामी डालकी.
"दाणा कुठी भरला अजून, कवडू?
चटणी कायची करू, सुताची?"
तिने एक बोंड चिमटीत फोडलं.
आत पांढुरकं, ओलं.
दाणा म्हणता येईना, नाही म्हणता येईना.

धुऱ्यालगतची चार तासं मी सोडली.
वारा तिकडचा आहे म्हणालो.
वारा नव्हता.

मग तीन आठवडे मेलेलं वावर उभंच.
आधी पिवळं, मग राखी,
मग काडीवर तिळाएवढे काळे ठिपके.
पहाटे दव पडलं की सगळं चमकायचं,
जिवंत असताना इतकं चमकलं नव्हतं.
रस्त्याने जाणारे विचारायचे, करपलं का जी?
भागरता म्हणायची, नाही, मारलं.
सायकल थांबायची थोडी.

उपटायच्या दिवशी तिने एक काडी वाकवली.
आतलं लाकूड कटकन तुटलं, भुसा झाला,
बाहेरचं तुटेना.
तिने ते मांडीवर वळलं, मला म्हणाली, ओढ.
मी ओढलं.
बोट कापलं माझं.

हसली. मार्चभर पहिल्यांदाच.

त्या चार तासांतलं जवस तिने पाखडलं,
वाटीभर माझ्या घरी पाठवलं.
तव्यावर टाकायचं आहे, मीठ-मिरची काढून ठेवली आहे.
वारा नव्हता, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?
तरी मी वाटी नाकाशी नेतो,
खाली ठेवतो,
पुन्हा नेतो.