रकाना: जळालेले

नाझिब्रोलाने राजीनामा दिला तेव्हा
साहेबांना वाटलं, बतुमीला बदली हवी असेल.
"नाही," ती म्हणाली, "भट्टी."
आणि स्टेपलर परत केला, पोच घेऊन,
कारण एकोणीस वर्षांत तिने
एकही नोंद अर्धवट ठेवली नव्हती.

आमची टेबलं लागून होती,
कुताइसीच्या कर-कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर.
खिडकीतून रिओनी नदी दिसायची, म्हणजे
पडदा सरकवला तर.
पडदा आम्ही सरकवत नसू. कागदांवर ऊन येतं.

जे म्हणायचं असतं ते सगळं मीच तिला म्हणाले होते:
वय त्रेचाळीस, पोरगा शिकतोय, गुडघे कुरकुरतात,
आणि तोनेवर कधी बाई पाहिलीस का गं?
ती पेन्सिलीला टोक काढत राहिली.
टोक निघालं तरी काढत राहिली.

तोने म्हणजे जमिनीत पुरलेला रांजण,
तळाशी निखारे.
कणीक हातावर ओढून होडीसारखी लांबवायची
आणि पाय जमिनीवरून सुटतील इतकं आत वाकून
आतल्या भिंतीवर थापायची.
श्वास वरच भरून घ्यायचा.
आत घेतलास तर घसा भाजेल,
एवढं म्हाताऱ्या वार्लामने पहिल्या दिवशी सांगितलं,
मग तीन आठवडे काहीच सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी अकरा पाव निखाऱ्यांत पडले.
दुसऱ्या दिवशी नऊ.
तिसऱ्या दिवशी पुन्हा अकरा, शिवाय उजवी भुवई.
वार्लामने पिठाचे पैसे मजुरीतून कापले
आणि ती, हाताला लागलेल्या सवयीने,
वहीत रकाना आखून लिहीत गेली: जळालेले.

कचेरीत आम्ही पैजा लावल्या होत्या.
मी दिवाळखोरीवर लावली होती, पाच लारी.
हरले, हे अजून तिला सांगितलेलं नाही.

एकदा विचारलं, एवढा धीर आणलास कुठून?
मला वाटायचं, तो तिने साठवून ठेवला असणार,
खालच्या खणात, जुन्या शिक्क्यांच्या मागे,
आणि मी इतकी वर्षं शेजारी बसून पाहिला नाही.
ती हसली. एकच भुवई वर गेली, तेव्हा एकच होती.
"धीर कसला? रोज घाबरते.
साडेचारला उठते ती घाबरूनच.
भिंतीवर मिठाचं पाणी शिंपडताना घाबरते.
पण वाकल्यावर आत जागा कुठे असते?
एक हात मावतो, एक पाव.
भीतीला वरच थांबावं लागतं, चपलांपाशी."

परवा तिची वही पाहिली.
रकाना अजून आहे.
शून्य नाही. दोन, एक, दोन, चार (पाऊस होता), एक.

माझं काय आहे ते
मी अजून कुणालाच बोललेले नाही.
रोज पावणेनऊला तिच्या रांगेत उभी राहते,
पाव कोटाच्या आत धरते,
जिना चढेपर्यंत छाती गरम राहते,
मग टेबल, मग शिक्का.

आज पावाच्या पाठीला भिंतीची माती चिकटून आली होती,
नखाएवढी.
दातांखाली कचकन वाजली.
मी ती थुंकून टाकली नाही.