बुडबुडा चालत नाही

चाळीस मिलिलिटरची काचेची कुपी.
काठोकाठ भरायची, मग अजून दोन थेंब,
पाण्याची फुगीर पाठ काठावर उभी राहीपर्यंत.
झाकण घट्ट. कुपी उलटी. बोटानं टिचकी.
बुडबुडा दिसला तर ओतून द्यायची, नवी घ्यायची.
बेंझिन पळपुटं असतं,
हवा शिरली की पाणी खोटं बोलतं.

हे मी सात वर्षं करते आहे,
दर तिमाहीला, नेब्रास्काच्या उत्तरेला,
एकशे बारा माणसांच्या गावात.
पेट्रोल पंप होता तिथं आता गवत आहे
आणि गवतात आमच्या तेरा विहिरींची लोखंडी झाकणं,
ताटलीएवढी. पोरं त्यांच्यावर उभी राहून
लांब थुंकायची पैज लावतात.

पहिला फोन शाळेच्या स्वयंपाकघरातून आला.
डेलोरसनं नळ हुंगला आणि बटाटे उकडायचे थांबवले.
जुने पाइप असतील, मुख्याध्यापक म्हणाले.
ती म्हणाली, माझा बाप ट्रॅक्टर दुरुस्त करायचा,
मला नका शिकवू.

ड्वेननं ड्रिल लावलं.
वीस फुटांपर्यंत वाळू पिवळी,
बाविसाव्याला करडी, हिरवट,
आणि मग वास, गरज नव्हती कुणी सांगायची.
नळीत सोडलेला प्रोब आधी सलग ओरडला
मग तुटक तुटक:
वर पेट्रोल, खाली पाणी.
चार इंच.
कुठंतरी पाणी मुरतंय म्हणायची सोय नव्हती,
मुरत होतं ते पाणी नव्हतं.
ड्वेननं कानावरची सिगारेट काढून ट्रकमध्ये ठेवून दिली.

पंप ओताकार व्हर्बाचा. तो जाऊन एकोणीस वर्षं झाली.
ब्लाझेनानं तळघरातून त्याच्या वह्या आणल्या,
अकरा, दोऱ्यानं बांधलेल्या.
रोज सकाळी सहाला तो लाकडी काठी टाकीत सोडायचा,
ओली खूण वाचायचा, लिहायचा.
काल किती, विकलं किती, उरलं किती.
शेवटच्या रकान्यात फरक:
चार गॅलन. तीन. पाच. चार.
शेजारी पेन्सिलीनं, बाष्पीभवन.
जानेवारीत, शून्याखाली वीस असतानाही,
बाष्पीभवन.

किती, तिनं विचारलं.
मी बेरीज केली होती. सोळा हजार.
ती बराच वेळ वहीचा दोरा गुंडाळत राहिली.
ट्रकवाल्यांना कॉफी फुकट होती आमच्याकडे,
म्हणाली. पाणी मागच्या विहिरीचं.

टाकी वर काढली तेव्हा
कडा चांगल्या होत्या, सांधे चांगले होते.
भोक एकच, पावलीएवढं,
बरोबर भरण्याच्या तोंडाखाली,
जिथं काठी टेकायची.
रोज सकाळी सहाला, टक्.
अकरा वर्षं मोजता मोजता
मोजण्यानंच ते पाडलं होतं.
अहवालात मी ‘यांत्रिक झीज’ लिहिलं.
दुसरा शब्द सुचला नाही असं नाही.

आता एक मशीन खाली हवा सोडतं, रात्रंदिवस,
फ्रिजसारखं गुरगुरतं. गावाला त्याची सवय झाली आहे.
कुपीत हवा नको, जमिनीत मात्र हवा हवी:
तिथं जंतू आहेत, ते जेवतात,
त्यांना श्वास लागतो, आणि वेळ.
दोन हजार नऊशेवर होतो. आज एक्केचाळीसवर आहोत.
पाचाच्या खाली जायचं आहे.
शाळेत अजून बाटल्या येतात.

ब्लाझेना दर खेपेला घडीची खुर्ची घेऊन येते,
सात नंबरच्या विहिरीपाशी बसते.
वारा असला तर डोक्याला रुमाल.
मी भरलेली कुपी ती मागून घेते,
उन्हात धरते, उलटी करते,
नखानं टिचकी मारते.

आहे, म्हणते. बारीक आहे, पण आहे.
मला दिसत नाही.
मी ओतून देते, पुन्हा भरते.