खड्ड्याचं पाणी

उदगीरला नळेगाव रोडला घर बांधायला काढलं तेव्हा
पायाच्याही आधी मैनोद्दीननं मागच्या अंगाला खड्डा मागितला.
आठ फूट.
काळी माती, मग मुरूम,
मग पहार टणकन वाजवणारा दगड.
"पाण्याच्या हौदाला का?"
"नाही बाई, अर्थिंगला."

तांब्याची पाटी त्यानं तळाला उभी केली,
भोवती कोळशाचा थर, खड्या मिठाचा थर,
परत कोळसा, परत मीठ,
लोणचं घालावं तसं हळूहळू, हात न झटकता.
वर पाइप काढला, पाइपाला नरसाळं.
"उन्हाळ्यात आठ दिवसाला एक घागर. विसरू नका.
तार घरात आणायला कुणीबी आणतंय,
तिला घराबाहेर जायला वाट कोण ठेवतंय?"

भाड्याच्या घरात आमचा शरणू
चप्पल घालून फ्रीज उघडायचा.
उघड्या पायानं हात लावला की झिणझिण्या.
आम्ही तो फ्रीजचा स्वभावच समजायचो.

मीटरच्या खाली त्यानं एक डबीही बसवली,
साबणाच्या वडीएवढी, खिडकीत हिरवा ठिपका.
अडतीसशे रुपये.
"करते काय ती?" ह्यांनी विचारलं.
"काहीच नाही," मैनोद्दीन म्हणाला, "बसून राहते."
ते बिल ह्यांनी तीन महिने पाकिटात ठेवलं होतं,
भांडायला.

मग टँकर बाराव्या दिवशी यायला लागला तो उन्हाळा.
पिंपांना झाकणं, झाकणांवर दगड,
अंघोळ चार तांब्यांची.
आणि मी मागं जाऊन नरसाळ्यात पाणी ओतायची.
शिवकांताबाई कंपाउंडवरून बघायच्या.
"काय उगवायलंय गं तिथं?"
"काही नाही."
"मग?"
मग काय. मला तरी कुठं माहीत होतं.
घागर परवडेना तशी
तांदूळ धुतलेलं ओतलं, हात धुतलेलं ओतलं,
एकदा तर शरणूच्या रंगपेटीतलं जांभळं पाणी.
खड्डा सगळं प्यायचा.
वर एक बुडबुडा यायचा कधीमधी, तेवढंच.

त्या रात्री वारा नव्हता. थेंब तर नाहीच.
नुसती कोरडी वीज, लांब, देवणीच्या बाजूला,
आणि एकदम डीपीच्या डोक्यावर.
घर पांढरं झालं:
खुंटी, खुंटीवरची पिशवी,
पिशवीवरचं कापड दुकानाचं नाव, फोन नंबरसकट,
सगळं वाचता आलं.
मग आवाज.
मग अंधार, आणि गल्लीभर
जळक्या प्लास्टिकचा वास.

सकाळी गल्ली नुकसान मोजत होती.
शिवकांताबाईंचा टीव्ही, त्यांच्या बोअरचं स्टार्टर.
पिचारेंचं झेरॉक्स मशीन, नऊ हप्ते बाकी असलेलं.
दुपारी लाइट आली तसा आमचा फ्रीज घरघरला,
जसा रोज घरघरतो.
डबीतला ठिपका मात्र लाल.

मैनोद्दीन आला, सवयीनं
हाताची मागची बाजू फ्रीजला टेकवली,
डबी ओढून काढली, खिशात टाकली.
"मेली," म्हणाला, "म्हणजे काम केलं तिनं."
नव्या डबीचे पैसे घेतले. ह्यांनी मोजून दिले,
पाकिटातलं जुनं बिल तेवढं दिसू दिलं नाही.
"पण मग वीज गेली कुठं?" मी विचारलं.
त्यानं चहाचा कप धरलेल्या हाताचं एक बोट
खाली केलं.

मी मागं जाऊन नरसाळ्याजवळ बसले.
मातीला हात लावला. गार.
एवढ्या उंचावरून, एवढा आवाज करत आलेली,
आणि तिला हवी होती ती
आमच्या उष्ट्या हातांची ओल.

कंपाउंडशी शिवकांताबाई येऊन उभ्या होत्या.
आज काय उगवायलंय ते विचारलं नाही.
बराच वेळ पाइपाकडं बघून म्हणाल्या,
"मीठ किती लागलं गं?"