वयाचा रकाना

पालच्या हरणपैदास केंद्रात, मे महिन्यात,
सकाळी सातलाच लोखंडी फाटक चटका देतं.
माझ्या हातात तक्ता. चार रकाने:
बिल्ला, शिंगांची लांबी, फाटे, वय.
तिसरा भरला की चौथा आपोआप भरतो,
असं जळगावच्या बैठकीत पंख्याखाली ठरलं होतं.
आखूड शिंगांचे नर निराळे काढा,
सुकी नदीच्या वरच्या अंगाला सोडा,
कळप सुधारेल.

सुभानखां तडवी घमेल्यातून
केळीच्या खुंटाचे तुकडे फेकत होता.
"शिंगं पाहीसन वय नही समजत, मॅडम."

तो बघा, अंजनाखाली. दोन हात शिंगं.
पोरगं आहे. मान बारीक, पोट पाठीला लागलेलं.
लागोपाठ दोन पावसाळे चारा गुडघाभर मिळाला,
डोक्यावर आला.
आणि हा एका डोळ्याचा,
वीतभर कमी, फाटा वाकडा, तुम्ही काट मारलेला,
याच्या शिंगाचं मूळ बघा, माझ्या मनगटाएवढं.
अर्धा कळप याचा.
चढण संपली की उतरण लागते, मॅडम,
घाटाला लागते तशी शिंगालाही.

"चारा छावणी लागली त्या साली
सगळ्यांचीच शिंगं काटक्यांसारखी आली.
त्या साली काय सगळेच पोरं झाले?"

मला हसू आलं. तो हसला नाही.
कोठीतून गोणपाटात गुंडाळलेला जबडा आणला,
दाढा उंबऱ्यासारख्या झिजलेल्या,
मधोमध खळगे.
"खरं वय तोंडात असतं.
पण तोंड मेल्यावर उघडतं."

मग मी विचारलं, तुमचं वय किती?

"माझं? गुरुजींनी लिहिलं.
रांगेत उभं केलं सगळ्या पोरांना,
डोक्यावरून हात न्या, पलीकडचा कान धरा.
ज्याचा कान हाती आला तो सहा वर्षांचा.
जन्मतारीख सगळ्यांची एक जून.
माझे हात लांब होते."

एकतीस मेला तो निवृत्त झाला.
नारळ, शाल, खुर्ची, भजी.
साहेबांनी सेवापुस्तकातून वय वाचून दाखवलं,
टाळ्या झाल्या.
माझा भाऊ दोन वर्षांनी मोठा,
त्याचा हात पुरला नाही,
तो अजून नोकरीत आहे, हे त्याने मला
भजी खाताना, सहज सांगितलं.

दुसऱ्या दिवशी फाटक मीच उघडलं.
घमेलं जड होतं.
एका डोळ्याचा सगळ्यांत पुढे आला,
माणूस बदललंय हे वासाने ताडून थबकला.
रात्रीतून त्याचं डावं शिंग गळालं होतं,
तिथे ओलं, लालसर, रुपयाएवढं वर्तुळ.

तक्ता उघडला.
लांबी: कुठल्या बाजूची?
वयाच्या रकान्यात पेन टेकवून
बराच वेळ उभी राहिले.
मग कुणी बघत नाही असं पाहून
उजवा हात डोक्यावरून नेला.
डावा कान
बोटभर दूर होता.