पितळ उघडं पडतं तेव्हा

ऑगस्टात मेण ऐकत नाही.
म्हणून पहाटे तीनला, अजमानच्या जुन्या सनाइयात,
शटर अर्धंच वर घेते,
बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवते
आणि बसते चोचीपाशी.

चोच मौझाबाईंच्या किटलीची.
सासूची किटली; साठ वर्षं वेलदोड्याचा गहवा ओतला
आणि ईदच्या दिवशी पडली, तोंड गेलं.
‘नवी नको,’ त्या म्हणाल्या, ‘हिलाच तोंड दे.’
बाजारी हिंदीत म्हणाल्या,
मला ते मराठीतच ऐकू आलं.

वाळवंटात राहून मी वाळू विकत आणते.
इथली गोल, खारट, एकमेकीला धरत नाही.
बाबा मूठ आवळून उघडायचे:
बोटांचे ठसे राहिले तर साच्याची,
नाहीतर पोरांना खेळायला.

गुलरहमानने भंगार तोलून दिलं:
पाडलेल्या हॉटेलचे नळ, एक व्हॉल्व्ह,
लाँचच्या पंख्याचं अर्धं पातं.
एका नळातून अजून दोन थेंब निघाले.
तो दिवसभर उन्हात ठेवला;
ओल्या धातूला मूस माफ करत नाही.

टाकणखार. मग जस्ताचा पांढरा धूर.
मान फिरवली, आई फिरवायची तशी,
आणि ओतलं.
ओतताना बोलायचं नसतं.
शेजारच्या गॅरेजात कुणीतरी शिंकलं, तेवढंच.

मग हातोडी. साचा फुटतो
आणि पितळ उघडं पडतं.
लोकांत ही नाचक्की,
आम्हा ओताऱ्यांत रोजचं काम.

चोच निघाली. टोकाशी सुईएवढं भोक.
आणि खालच्या वळणावर, जिथं कुणी बघत नाही,
माझ्या अंगठ्याचा ठसा.

मंगळवारीच व्हिसाच्या खिडकीत
मशीन माझं बोट घेत नव्हतं.
पुसून ठेवा. परत ठेवा. दुसरं ठेवा.
‘रेघा झिजल्यात,’ तो पोरगा म्हणाला,
जणू मी त्या कुठंतरी विसरून आले होते.
पितळेत होत्या.
पुसट, पण होत्या.

गिऱ्हाईकाची वस्तू. घासून काढायला हवा होता.
कानस हातात घेऊन बसले,
तोवर पहिली बांग झाली.
भोक तेवढं डाग देऊन बुजवलं.

मौझाबाईंनी पहिला पेला मलाच भरला.
ओतून झाल्यावर टोकाशी एक थेंब लोंबत राहिला.
मी ओशाळले.
‘आधीही थांबायचा,’ त्या म्हणाल्या,
आणि बोटाने पुसून घेतला.